परकोटाआडची पवनी

आपल्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण कोणतं, असं कुणी विचारलं तर तुम्ही पटकन ‘भंडारा’ असं सांगाल. बरोबर आहे. कलेक्टर कचेरी भंडाऱ्याला, मोठी कोर्टकचेरी भंडाऱ्याला, आणि पितळेची भांडी म्हटली की तीही भंडाऱ्याचीच. आता दुसरा प्रश्न. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या या मुलखाचं मुख्य ठिकाण कोणतं होतं?

हाच प्रश्न मी आमच्या पाचवीच्या वर्गात विचारला होता. पहिला आवाज आला, “नागपूर!” मी म्हटलं, नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं, १७०२ साली. म्हणजे तीनशे वर्षांच्या थोडं पुढे. मग कुणी पुणं म्हणालं, कुणी दिल्ली. एकानं तर मुंबईसुद्धा सांगून पाहिली. शेवटी मी फळ्यावर लिहिलं, ‘पवनी’. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरचा एकजण उभा राहिला. म्हणाला, “सर, पवनीले त माह्या मामाचं घर होय जी. तितं काईच नाही.”

‘तितं काईच नाही.’ हे वाक्य मला चांगलंच झोंबलं. कारण त्याच्याएवढा असताना मीही हेच म्हणत होतो. ते कसं, ते पुढे सांगतो. त्या दिवशी ठरलं, की यंदाची सहल पवनीला.

पण निघण्याआधी आम्ही एक उद्योग केला. एकोणीस मीटर लांबीची सुतळी घेतली आणि गावाच्या आखरावर गेलो. मधोमध खुंटी ठोकली, सुतळीचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसऱ्या टोकाला चुन्याची पुडी. मुलं सुतळी ताणून धरून गोल फिरली. झालं अडतीस मीटर व्यासाचं वर्तुळ! मग मी म्हटलं, आता शाळेतल्या सगळ्यांनी हात पसरून, एकमेकांचे हात धरून या रेघेवर उभं राहायचं. आमच्या शाळेचा पट ६८. पहिलीतल्या चिमुकल्यांपासून सगळी उभी राहिली, तरी साखळी जुळेना. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना बोलावलं. पारावर बसलेले दोन-तीन आबाजी हसत हसत आले. गुरं घेऊन चाललेला गुराखीही थांबला. तरीही मध्ये भली मोठी फट राहिलीच. व्यासाला ३.१४ नं गुणा म्हणजे परीघ कळतो. तो येतो ११९ मीटरच्या आसपास. हे वर्तुळ कशाचं, ते मी तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, पवनीला गेल्यावर कळेल.

जानेवारीतली सकाळ होती. भंडाऱ्याच्या बसस्थानकावरून आमची चोवीस मुलं, मी आणि आमच्या एक शिक्षिका असे पवनीच्या एस.टी.त चढलो. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पहेला, अड्याळ अशी गावं मागे पडत गेली. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या. काही बांध्यांत लाखोरी आणि हरभरा हिरवागार उभा, कुठे अजून मळणी न झालेली पुंजणी. उन्हाळी धानाचे पऱ्हेही एक-दोन ठिकाणी दिसले. पवनीच्या पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागतं. २०१२ साली ते जाहीर झालं. ‘जय’ नावाचा तो सुप्रसिद्ध वाघ इथलाच. २०१६ साली तो दिसेनासा झाला. गाडीतली मुलं खिडकीला नाक लावून वाघ शोधत होती, पण दिसली ती माकडं.

पवनी वैनगंगेच्या उजव्या तीरावर आहे. नदीचा उजवा तीर कसा ओळखायचा माहीत आहे ना? नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताला येतो तो उजवा तीर. बसस्थानकाजवळ आलूबोंडा-रस्सा खाऊन आम्ही चालत निघालो आणि थोड्याच वेळात समोर आला तो पवनीचा परकोट.

परकोट म्हणजे गावाभोवतीची तटबंदी. मुलांच्या डोळ्यांसमोर होता रायगड, सिंहगड. त्यांना वाटलं, काळ्या दगडाचे बुरूज असतील, तोफा असतील. समोर तर झुडपं उगवलेला मातीचा लांबच लांब ढिगारा. एक मुलगी हिरमुसून म्हणाली, “सर, हे त निस्ती माती होय जी!”

मातीच आहे, बाळा. पण ती तिथे कुणी आणून टाकली? विचार करा. आपल्याकडे बोडी कशी खणतात? खड्डा खणायचा आणि निघालेल्या मातीची पाळ घालायची. खड्ड्यात पाणी साठतं आणि पाळ ते अडवते. एकाच मेहनतीत दोन कामं. पवनीच्या लोकांनी हेच केलं, पण संपूर्ण नगराभोवती. तीन बाजूंना खोल खंदक खणला आणि त्याच मातीचा तट उभा केला. चौथ्या बाजूला खंदकाची गरजच नव्हती. तिथे वैनगंगा होती. वर दगडी बांधकाम चढलं ते पुढच्या काळात. गावात शिरायची जुनी दगडी वेस अजून उभी आहे. तिला आता ‘जवाहर गेट’ म्हणतात. या वेशीतून आजही सायकली, मोटारसायकली, भाजीच्या गाड्या ये-जा करतात. आम्ही आत शिरलो तेव्हा एक बैलगाडी तणस भरून बाहेर येत होती. तणीस दोन्ही बाजूंच्या दगडांना घासत होती, आणि गाडीवान आम्हाला ओरडून सांगत होता, “बाजूले व्हा रे पोट्टेहो!”

आता मघाशी राहिलेली गोष्ट सांगतो. लहानपणी मी दिवाळीच्या सुटीत पवनीला नातेवाइकांकडे येत असे. परकोटाच्या उतरणीवरून घसरगुंडी खेळायची, आणि मातीतून निघणाऱ्या खापऱ्या गोळा करायच्या, हा आमचा नेहमीचा धंदा. चपटी खापरी सापडली की पळत तलावावर जायचं आणि ती पाण्यावर अशी फेकायची की टप, टप, टप उड्या मारत गेली पाहिजे. ज्याची खापरी जास्त उड्या मारेल तो राजा. त्यातल्या काही खापऱ्या मोठ्या गमतीदार असत. एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला काळ्या कुळकुळीत. त्या पातळ आणि गुळगुळीत असल्यामुळे सगळ्यांत जास्त उड्या मारायच्या. म्हणून आम्ही त्याच शोधायचो!

पुढे डी.एड. झालो, नोकरी लागली. एकदा सुटीत एक पुस्तक वाचताना चित्र दिसलं: ‘काळी-लाल भांडी, पवनी’. माझे हात थंड पडले. आम्ही पाण्यावर उडवल्या त्या खापऱ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या ताटवाट्या असू शकतात, हे तेव्हा कळलं.

ही भांडी दोन रंगांची कशी होत, तेही ऐका. कुंभार भट्टीत भांडं पालथं ठेवत असे. बाहेरच्या बाजूला हवा लागे, म्हणून मातीतलं लोह तांबडं होई. आतल्या बाजूला आणि काठाला हवा पोचत नसे, तिथे ती काळी पडे. रंगाचा एक थेंबही न वापरता दोन रंग! गावातल्या कुंभारदादांना विचारून पाहा. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजावतील.

बालसमुद्र नावाच्या तलावाच्या बाजूनं आम्ही जगन्नाथ टेकडीवर आलो. टेकडीवर जगन्नाथाचं देऊळ, म्हणून हे नाव. कित्येक पिढ्या लोक या टेकडीवर येत होते, नमस्कार करत होते आणि घरी जात होते. आपण कशावर उभे आहोत, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं यांनी मिळून इथे उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे दोन अभ्यासक त्याचे प्रमुख होते. माती थर थर करून काढत गेले, आणि टेकडीच्या पोटातून निघाला एक प्रचंड विटांचा बौद्ध स्तूप. त्याचा व्यास होता सुमारे ३८ मीटर.

“आपलं वर्तुळ!” दोन-तीन मुलं एकदमच ओरडली.

हो, आपलं वर्तुळ. आख्खी शाळा, ताई, आबाजी आणि गुराखी मिळूनही ज्याला वेढा घालू शकले नाहीत ते. मध्य प्रदेशातला सांचीचा मोठा स्तूप तुम्ही पुस्तकात पाहिला असेल. त्याचा व्यास साधारण साडेछत्तीस मीटर आहे. म्हणजे आपल्या पवनीचा स्तूप रुंदीला सांचीपेक्षाही थोडा मोठाच. याची सुरुवात मौर्यांच्या काळात किंवा त्याच्याही आधी झाली, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. आधी भोवती लाकडाचा कठडा होता. पुढे त्या जागी दगडाचा आला आणि त्या दगडी खांबांवर कोरीव काम झालं. कठड्यासाठी कुणी कुणी दान दिलं, त्यांची नावं ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरली आहेत. दान देणाऱ्यांत बायकाही आहेत. आपल्या गावातल्या देवळाच्या फरशीवर ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं असतं ना, तसंच हे. फक्त दोन हजार वर्षं जुनं.

या खांबांपैकी एकाची गोष्ट मला फार आवडते. त्याच्यावर कोरला आहे पाच फण्यांचा नाग. फणा उभारलेला, आणि फण्याखाली एक आसन. आसनावर मात्र कुणीच नाही! मुलांना मी विचारलं, शिल्पकार माणूस कोरायचा विसरला असेल का? मुलं म्हणाली, पैसे संपले असतील. (आमच्या शाळेच्या कंपाउंडची भिंत अर्धीच आहे, त्यामुळे त्यांना असंच सुचणार.)

खरी गोष्ट अशी. गौतम बुद्धांना ज्ञान प्राप्त झालं, त्यानंतर ते एका झाडाखाली ध्यान करत बसले होते. अवेळी ढग भरून आले. सात दिवस पाऊस आणि झोंबरा गार वारा. तेव्हा मुचलिंद नावाचा नागराजा आपल्या बिळातून निघाला. त्यानं बुद्धांच्या शरीराभोवती वेटोळी घातली आणि डोक्यावर फणा धरला. सात दिवस हलला नाही. पाऊस थांबल्यावरच त्यानं वेटोळी सोडली. त्या जुन्या काळात शिल्पकार बुद्धांची मूर्ती कोरत नसत. रिकामं आसन, पावलं, बोधिवृक्ष, चक्र अशी खूण दाखवली की लोक समजून घेत. म्हणून आसन रिकामं. ते रिकामं दिसतं ते आपल्याला. तेव्हाच्या पवनीकरांना तिथे बुद्ध दिसत होते. शिल्पावर नागाचं नावही कोरलं आहे. त्यात ‘मुचलिंद’ऐवजी ‘मुचरिंद’ अशा वळणाचं लिहिलंय. आपल्या झाडीबोलीत नाही का, डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात! माझ्या मनात आलं, कोरणारा आपल्याच इकडचा असावा. हा माझा आपला लाडका तर्क, अभ्यासकांचा नव्हे बरं का.

आता राजांकडे वळू. पवनीला एक शिळा सापडली. तिच्यावर पावलं कोरलेली आहेत आणि ‘भार’ कुळातल्या भगदत्त नावाच्या राजाचं नाव आहे. नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो लेख वाचला. आणखी एक दगडी खांब सापडला, त्यावर नाव आहे रुपिअम्म. नाव ऐकून हसू नका! हा होता महाक्षत्रप कुमार, म्हणजे शक सत्ताधीशांपैकी एक. शक लोक वायव्येकडून भारतात आले, गुजरात-माळव्यात त्यांनी राज्य केलं. त्यांच्यातला एक माणूस इतक्या दूर वैनगंगेच्या काठी आला आणि इथेच त्याच्या आठवणीचा खांब उभा राहिला. लेखात त्या खांबाला ‘छायाखंभो’ म्हटलं आहे. छायाखांब. मेलेल्या माणसाची सावली धरून ठेवणारा खांब. किती सुंदर शब्द आहे! मला तर वाटतं, हा शब्द आपण परत वापरात आणायला हवा.

मग पवनीला राजधानी म्हणावं का? तुम्हीच हिशेब करा. राजाचं नाव आहे. मोठा तट आणि खंदक आहे, आणि तो खणायला हजारो माणसांचे हात लागले असणार. सांचीच्या तोडीचा स्तूप आहे, आणि तो बांधायला पैसा देणारे लोक आहेत. भोवती धान पिकवणारा मुलूख आहे आणि दाराशी नदी आहे. मला विचाराल तर मी पवनीला या भागाची राजधानीच म्हणतो. परकोटाच्या आत १९९४ साली पुरातत्त्व खात्याच्या अमरेंद्र नाथ यांनी पुन्हा उत्खनन केलं. इसवीसनाच्या आधीच्या शतकांपासून इथे वस्ती होती, हे थरांवरून पक्कं दिसलं. ती वस्ती पुढेही चालू राहिली. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपटही पवनीत सापडला आहे. पण वाकाटकांची राजधानी रामटेकजवळ नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला होती. राजा दुसरीकडे गेला की कचेऱ्या जातात, कचेऱ्यांमागे व्यापारी जातात. पवनी हळूहळू मागे पडली.

मागे पडली, पण ओसाड झाली नाही. गोंड राजे झाले, नागपूरकर भोसले झाले, १८५३ साली भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. या सगळ्या काळात पवनीचे कोष्टी मागावर बसून रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी विणत होते. नदीवर घाट बांधले गेले, देवळं उभी राहिली. ती इतकी, की लोक पवनीला ‘विदर्भाची काशी’ म्हणू लागले. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक, पाच तोंडांचा गणपती, पवनीतच आहे. त्याला मूर्ती म्हणावं की खांब, असा प्रश्न पडतो, कारण समोर एक आणि भोवती बाकीची अशी तोंडं आहेत. मुलांनी प्रदक्षिणा घालत मोजून पाहिली.

वैजेश्वराच्या घाटावर आम्ही डबे सोडले. नदी संथ होती. पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्दचं धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अकरा किलोमीटरहून लांब धरण, ३३ दारं. या पाण्यावर कितीतरी शेतं भिजतात, आणि याच पाण्याखाली कितीतरी गावं गेली. आमच्या वर्गातल्या दोघांची घरंही अशाच बुडालेल्या गावातून उठून आलेली आहेत. ती दोघं घाटावर जरा गप्पच होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस महापूर आला, तेव्हा धरणाची सगळी दारं उघडावी लागली होती. त्या वेळी पाणी कुठवर चढलं होतं, ते घाटावरच्या एका आबाजींनी मुलांना बोटानं दाखवलं. मुलं माना वर करून बघतच राहिली. पंचेचाळीस किलोमीटरवरची पुस्तकी गोष्ट ऐकताना कंटाळलेली मुलं ही गोष्ट ऐकताना मात्र एकदम शहाण्यासारखी बसली होती!

जेवण झाल्यावर दोन काळ्या-पिवळ्या ठरवून आम्ही जवळच्या रुयाडला गेलो. तिथे पञ्ञा मेत्ता संघानं जपानी बौद्धांच्या मदतीनं मोठा ‘महास्तूप’ उभारला आहे. २००७ साली तो खुला झाला. पांढरा, भव्य, आणि भोवती आपल्याच धानाच्या बांध्या. एका मुलीनं विचारलं, “सर, जपानचे लोकं इतं कायले आले जी?”

चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, आधी आपण तिकडे गेलो होतो, म्हणून ते इकडे आले. बौद्ध धर्म सहाव्या शतकात कोरियामार्गे जपानला पोचला. तिथे नारा नावाचं शहर आहे. इ.स. ७१० ते ७८४ या काळात ते जपानची राजधानी होतं. तिथल्या तोदाइजी मंदिरात बुद्धांची प्रचंड कांस्यमूर्ती आहे. ७५२ साली तिचा मोठा सोहळा झाला. मूर्तीचे डोळे रंगवून ती ‘जागी’ करायची होती. हे काम कुणी केलं माहीत आहे? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं.

पण नाराची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. राजधानी तिथून हलली आणि थोड्या वर्षांत क्योतोला गेली. मागे राहिला सम्राटाचा ओस वाडा. लाकडी खांब कुजले, भिंती पडल्या, आणि लोकांनी त्या जागेवर शेती सुरू केली. कशाची? धानाची! अकराशे वर्षं तिथे रोवणी होत राहिली. नारा हे आजही आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणासारखं शहर आहे. रस्त्यांवर हरणं मोकळी हिंडतात. पण वाडा नेमका कुठे होता, याची गावाला फिकीर नव्हती. ती लागली एका माळ्याला. तानादा काजुरो त्याचं नाव. तो झाडं लावायचा, कुणी मोठा पंडित नव्हता. वाड्याच्या जागेवर गुरं चरताना बघून त्याला वाईट वाटलं. तो लोकांना भेटत राहिला, वर्गणी मागत राहिला, जागा वाचवा म्हणून सांगत राहिला. या खटपटीत त्यानं आपली जमापुंजी घालवली. १९२१ साली तो वारला आणि पुढच्याच वर्षी, १९२२ साली, सरकारनं ती जागा राखीव ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली. पुढे तिथे खोदकाम झालं. १९६१ साली चिखलातून शाईनं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या मिळाल्या. त्या काळचे कारकून लाकडावर लिहीत. कुठून काय सामान आलं, असल्या साध्यासुध्या नोंदी. पुढे अशा पट्ट्या हजारोंनी निघाल्या. माळ्यानं हट्ट धरला नसता तर त्या पट्ट्यांवर कदाचित घरं उभी राहिली असती.

मुलं ऐकत होती की नाही, मला कळत नव्हतं. अर्धी तर स्तूपाच्या पायऱ्या मोजत होती.

परतताना परकोटाच्या दुसऱ्या अंगानं चालत आलो. तिथे एका ठिकाणी तट उभा कापलेला दिसला, सुरीनं केक कापावा तसा. माती कुणी नेली, विटांसाठी की घराच्या भरावासाठी, कुणास ठाऊक. कापलेल्या जागी मातीचे थर स्वच्छ दिसत होते. एक पिवळसर, एक काळपट, मध्ये राखेसारखी रेघ, आणि त्या रेघेत खापऱ्या. मी मुलांना दाखवलं, की ही राखेची रेघ आणि तिच्यातली खापरी एकाच काळातली. खापरी जोवर आपल्या थरात आहे तोवर ती बोलते. तिथून काढली की मुकी. कपाटात ठेवली तरी मुकीच.

बसस्थानकावर आलो. सव्वाचारची गाडी लागलेली होती. मुलं चढत होती आणि मी मोजत होतो. तेवीस झाली. चोवीसावा खाली उभा. तोच तो, मामाचं घर पवनीला असलेला. खिशावर हात दाबून धरलेला. मी काही न बोलता हात पुढे केला. त्यानं खिशातून काढली ती एक खापरी, एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला काळी कुळकुळीत. माझ्या लहानपणी मी जी शोधत असे, अगदी तशीच.

“कुठली?” मी विचारलं.

“राखेच्या रेघेतली, सर. आईले दाखवाची होती.” मग थोडं थांबून तो म्हणाला, “कुठी होती ते आठोते मले. ठेवून येऊ?”

मी कंडक्टरसाहेबांकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. थांबता येणार नव्हतं. मी म्हटलं, सगळे खाली उतरा.

आम्ही परत परकोटापर्यंत गेलो. त्यानं ती नेमक्या भोकात, काळी बाजू आत करून बसवली. वरून चिमूटभर माती लावली. बाकीची तेवीस रांगेत उभी राहून बघत होती. एस.टी.ची पुढची गाडी पावणेसहाला होती.